कॅसिडीची वाट

"कॅसिडीवरून बोलतेय. इथून सगळं दिसतंय. धूर कुठेच नाही."

रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या रेडिओतून हा आवाज यायचा, आणि आईचा बेकन उलटणारा हात तसाच थांबायचा. आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा, लेनोराचा. मी तेव्हा शाळकरी होते. लेनोरा आणि तिचा नवरा ऑरिन उन्हाळाभर कॅसिडी डोंगराच्या माथ्यावर राहायचे, चारी बाजूंनी काचा असलेल्या लाकडी खोलीत. कुठे वणवा उठतोय का, ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. निरोप असायचा रेंजरच्या कचेरीसाठी. पण शेवटी लेनोरा जरा थांबायची आणि हळूच विचारायची, "आर्डी, केस विंचरलेस का गं?" खोऱ्यातल्या घराघरांत ते ऐकू जायचं. शाळेतली पोरं मला वर्षभर तेच विचारून छळायची.

तो आवाज बंद होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. टेहळणीला विमानं आली, खोलीच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या, लेनोरा आणि ऑरिन खाली गावात येऊन राहिले. मग एका हिवाळ्यात लेनोरा गेली. त्यानंतर हॅचेट ओढ्याच्या रानाला वणवा लागला. खोली वाचली, कॅसिडीवर चढणारी वाट मात्र गेली. जळलेलं झाड लगेच पडत नाही. काळंठिक्कर होऊन उभं राहतं, आणि मग कुठल्यातरी वाऱ्याला, कोणी नसताना, आडवं होतं. अशी झाडं वाटेवर एकावर एक पडत गेली, एखाद्या पोराने काड्यांची पेटी जमिनीवर उपडी करावी तशी.

या वसंतात मी ऑरिनला मिझूला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जाणार. कडा राहतील. पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या माणसाचा चेहराही दिसायचा नाही.

परतीच्या रस्त्यावर पूल आला तेव्हा ऑरिन म्हणाला, "आर्डी, वाट मोकळी झाली, तर तुझं ते बिस्किट मला कॅसिडीवर नेईल?"

बिस्किट म्हणजे माझं सगळ्यांत गरीब खेचर. डोंगरांत खेचरांवरून सामान पोचवणं हा माझा धंदा.

"झोपेतसुद्धा नेईल," मी म्हटलं.

"मग बर्फ पडायच्या आधी. एकदा बघायचंय." आणि थोड्या वेळाने, "हे कोणाला सांगायचं नाही."

"का रे?"

"या उन्हाळ्यात पोरं येणार आहेत ना वाट काढायला? त्यांना कळलं की म्हातारा थांबलाय, तर ती घाई करतील. जळक्या रानात घाई केलेली पोरं मी खांद्यावर घालून खाली आणलीयत. नको."

"आणि वाट नाही झाली तर?"

"तर नाही झाली." त्याने काच खाली केली, आणि पुढचं बोलणं वाऱ्यात गेलं.

*

जूनमध्ये पोरं आली. रंग उडालेल्या व्हॅनमधून पाच जणं उतरली, अंगावर सारखेच शर्ट, पायांत नवेकोरे बूट. अशी पोरं आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. कोणाचं कॉलेज सुरू व्हायचं असतं, कोणाचं सुटलेलं असतं. राहायला तंबू, खायला दोन वेळचं, हातखर्चाला थोडंसं. त्या बदल्यात वाटा साफ करायच्या, ओढ्यावर दगड रचायचे, उताराची माती धरून ठेवायची. त्यांची पुढारी होती मर्सी टॅलबट, मिझूरीची. मोठ्या हाडाची मुलगी, बोलणं कमी आणि झोपायच्या आधी सगळ्यांचे तळपाय तपासणारी. अन्सेल्मो न्यू मेक्सिकोचा. त्याचं तोंड कायम चालू. आणि रेन ही सगळ्यांत लहान, शिकागोकडची, चिमणीएवढी. उरलेली दोघं आयोवाची, एकाच शाळेतून आलेली.

कॅसिडीचं रान राखीव आहे. तिथे यंत्राच्या करवतीला मनाई. जे काय कापायचं ते हाताने, दोघांनी ओढायच्या लांब करवतीने. आणि अशा करवतींना धार लावणारा आमच्या भागात एकच माणूस उरला होता. त्यामुळे पहिला धडा ऑरिनच्या गोठ्यात झाला.

त्याने ग्रेटाला खाली उतरवलं. ग्रेटा ही त्याची सगळ्यांत जुनी करवत, माणसापेक्षा लांब. लेनोरा आणि तो याच करवतीने कॅसिडीवरचं जळण कापायचे.

"हिला दोन मुठी आहेत," ऑरिन म्हणाला. "एका मुठीला एक माणूस. आपली पाळी आली की ओढायचं. समोरच्याची पाळी आली की हात सैल सोडायचे. ढकलायचं कधीही नाही."

"समोरचा दमला असेल तर?" अन्सेल्मोने विचारलं. "थोडं ढकलून मदत केली तर?"

"ती मदत नव्हे. पातं मधेच वाकतं. वाकलं की वेडंवाकडं चालतं. मदत करायची असेल तर आपल्या बाजूने नीट ओढ."

"म्हणजे माझ्या आईला ही करवत चालवताच येणार नाही," अन्सेल्मो म्हणाला, आणि आयोवाची दोघं खिदळली.

ऑरिन हसला नाही. म्हणाला, "गाणं म्हणायचं. गाणं चालू असलं की हात ढकलत नाहीत." आणि लेनोराचं गाणं त्याने म्हटलं, म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवावं तसं कोरडं सांगितलं:

ये गं ये माझ्याकडे, आण भुशाचं सोनं,
जा गं जा तिकडे आता, तिकडचं बोलावणं.
मी ओढीन तेव्हा तू, हात सैल सोड,
तू नेशील तिकडे माझी, जाऊ दे गं ओढ.

"याला चाल असेल ना?" रेनने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"आहे."

"मग?"

"मला गाता येत नाही. ती गायची," ऑरिन म्हणाला, आणि कानस घेऊन पाठमोरा झाला.

मी चारा टाकता टाकता ती चाल गुणगुणले. रेनने मान वळवून नीट ऐकून घेतली. रेन म्हणजे एक चिमुकलं गाणारं पाखरू, त्याच्या नावाची पोर ती. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

*

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. पीठ, बीन्स, बटाटे, कॉफी खेचरांवर लादायची आणि पोरांचा तळ जिथे सरकला असेल तिथे पोचवायची. दर फेरीला मला थोडं अधिक वर जावं लागायचं, आणि वाट माझ्यासमोर उलगडत जायची.

मी आयुष्यभर वाटांवर चालले, पण वाट होताना इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. आधी यायचा करवतीचा आवाज. धार चांगली असली की करवत ओरडत नाही, गाते. दोन सूर, एक येण्याचा, एक जाण्याचा, आणि त्यांवर रेनचं बारीक गाणं. मग दिसायची कापलेल्या ओंडक्यांची ताजी पिवळी तोंडं, काळ्या रानात दिवे लावल्यासारखे. उतारावर दगडांचा बांध दिसायचा, चुन्याचा कण नाही, प्रत्येक दगड खालच्या दोघांवर टेकलेला. मी एकदा त्यावर उभी राहून उड्या मारल्या. एकही दगड हलला नाही.

"आर्डिथ, ही परीक्षा होती की नाच?" अन्सेल्मोने विचारलं.

"दोन्ही. पास झालात."

"मग बक्षीस?"

मी हकलबेरीच्या रानफळांचा गोड 'पाय' भाजून आणला होता. तो त्यांनी सुरी काढायच्या आधीच संपवला.

त्यांचे हात मी बघायचे. जूनमधले मऊ हात जुलैत फोडांनी भरले, मग फोड फुटले, मग कातडं राठ झालं. आयोवाची पोर पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस रडवेली होती म्हणे. आता ती कुदळ खांद्यावर टाकून अशी चालायची, जणू रान तिच्या आजीच्या नावावर आहे. पावसात भिजलेली, माश्यांनी चावून फोडलेली, केसांत भुसा, काखेत घामाचा वास, आणि सकाळी उठून पुन्हा तेच. कोणासाठी? त्या वाटेने कधीतरी जाणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी माणसासाठी. त्याला कळणारही नाही की इथे कोणी घाम गाळला. वाट चांगली झाली असेल तर चालणाऱ्याचं तिच्याकडे लक्षच जात नाही. तो फुलं बघतो.

प्रत्येक ओंडक्यापाशी मर्सी सगळ्यांना थांबवायची. "आधी ओंडका वाचा," ती म्हणायची. ओंडका दोन्ही टोकांवर टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरून कापताना भेग आवळत जाते आणि करवत गिळून टाकते. म्हणून भेगेत पाचर ठोकायची, मग पुढे. ताण कुठे आहे, तुटल्यावर कुठल्या बाजूला उसळेल, कोण कुठून मागे पळणार, हे सगळं ठरल्यावरच ग्रेटाचा दात लाकडाला लागायचा. मला घाई असायची, मी खेचरांपाशी उभी राहून मनात म्हणायचे, चला रे, चला, बर्फ येईल. पण तोंडातून शब्द काढला नाही.

शब्द काढला नाही, पण बिस्किटवर खोगीर होतं.

ऑगस्टमध्ये मी बिस्किटला वाटेची सवय व्हावी म्हणून रिकामं बरोबर घेऊन जायला लागले होते. त्याच्या पाठीवर उंच पाठीचं, रुंद खोगीर, मऊ लोकरीचं अस्तर लावलेलं. अन्सेल्मोने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हे सिंहासन कोणाचं?"

"बटाट्यांच्या पोत्याचं."

"बटाट्यांना रिकीब लागते?"

"आमच्याकडचे बटाटे सभ्य आहेत."

सगळी हसली. रेन हसली नाही. ती रिकिबीचा पट्टा बघत होती. लांब पायांच्या माणसासाठी सोडलेला पट्टा. मग तिने कॅसिडीच्या माथ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी बटाटे उतरवत राहिले.

*

पुढच्या फेरीला मला दुरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. करवतीचा सूर नव्हता. गाणं नव्हतं. तळ अर्ध्याहून अधिक डोंगर चढून गेला होता, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढे. पोरं लार्च झाडाच्या एका भल्यामोठ्या ओंडक्याभोवती बसली होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ओंडक्यात एक चीर, आणि चिरेच्या शेजारी कुऱ्हाडीने फोडून काढलेलं खिंडार. गवतावर ग्रेटा. तिच्या पात्याला मध्यावर बाक आला होता.

"पाचर ठोकली नाही," मर्सी म्हणाली. "वाचलंच नाही आम्ही. संध्याकाळच्या आत पलीकडे जायचं होतं."

"मी ढकललं," अन्सेल्मो म्हणाला. त्या दिवशी त्याला विनोद सुचत नव्हता. "पातं अडकलं, रेन ओढत होती, मला वाटलं जोर लावावा. जोर लावला."

"कोणाला लागलं का?"

"नाही. पण ओंडका उसळला तेव्हा रेन..." मर्सीने वाक्य पुरं केलं नाही. रेनच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटलेली होती. आत खरचटलेलं होतं, एवढंच.

"एवढी कसली घाई होती तुम्हाला?" मी विचारलं.

रेनने बिस्किटकडे पाहिलं. बिस्किट खोगिरासकट उभं राहून गवत चावत होतं.

ग्रेटा मी माझ्या दुसऱ्या खेचराच्या, पर्लच्या पाठीवरच्या ओझ्यावरून कमानीसारखी वाकवून बांधली, दात्यांवर आगीच्या बंबाच्या जुन्या कापडी पाइपचं म्यान चढवलं, आणि खाली आणली. ऑरिनने ती ऐरणीवर घेतली. डोळ्यांनी बघितलंच नाही. मान एका बाजूला वळवून बोटं पात्यावरून फिरवत नेली, आंधळी बाई नातवाच्या चेहऱ्यावरून नेते तशी. बाकापाशी बोटं थांबली.

"ढकललंय."

"हो."

"पोरं गात होती का?"

"नव्हती गात."

"तू सांगितलंस त्यांना?"

"शप्पथ, नाही."

त्याने हातोडी उचलली. हलके हलके ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर बोटांची एक फेरी. कोंबड्या गोठ्यात शिरून झोपल्या तरी त्याचं चाललंच होतं. सकाळी मी गेले तेव्हा ग्रेटा भिंतीला टेकून सरळ उभी होती, आणि ऑरिन पायरीवर बसून डोळे चोळत होता. त्याच्या नखांखाली लोखंडाचा कीस होता.

"दात्यांनाही धार लावलीय. जमेल तेवढी," तो म्हणाला. "ही शेवटची. आता मला टोकं दिसत नाहीत." मग म्हणाला, "पोरांना सांग, म्हाताऱ्याला काहीएक घाई नाही. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. असंच सांग. याच शब्दांत."

मी त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी काय असणार, ते मिझूलाला आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

"असंच सांगू?"

"असंच."

मी तसंच सांगितलं. पोरं ऐकत उभी राहिली. मर्सी म्हणाली, "बरं." आयोवाच्या पोराने टोपी काढून पुन्हा घातली.

"ज्याला घाई नसते," अन्सेल्मो हळूच म्हणाला, "त्याला निरोप पाठवायचं सुचत नाही."

"तोंड बंद कर आणि पाचर आण," मर्सी म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांनी एकही ओंडका न वाचता कापला नाही. वेग अर्ध्यावर आला. आणि गाणं परत आलं. आता पाचही जणं गायची, अन्सेल्मो बेसूर, पण मोठ्याने.

*

अशा वेगाने वाट पुरी होणार नव्हती, आणि झाली नाही. ऑगस्ट संपला, त्यांचा हंगाम संपला, व्हॅन त्यांना न्यायला आली. माथा अजून दोन वळणं दूर होता. शेवटच्या वळणावर जळक्या झाडांचा असा ढीग पडला होता की खारीलासुद्धा वळसा घालावा लागावा.

आयोवाच्या दोघांचं कॉलेज सुरू होणार होतं. पोरीने जाताना बिस्किटच्या मानेला मिठी मारली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. व्हॅन गेली. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्याच्या कडेला तिघं उभी होती, मर्सी, अन्सेल्मो आणि रेन, आपापल्या पाठपिशव्यांसकट.

"तुमची गाडी चुकली," मी म्हटलं.

"हो ना," अन्सेल्मो म्हणाला. "आता पुढची कधी?"

"जूनमध्ये."

"मग तोवर काहीतरी केलं पाहिजे."

मर्सीने रेंजरच्या कचेरीत जाऊन तिघांची नावं स्वयंसेवक म्हणून घातली. आता ना शर्ट, ना हातखर्च. मी त्यांना जेवायला दिलं, माझे जुने लोकरी कपडे दिले. रेनला लेनोराचा कोट आला. बाह्या दुमडाव्या लागल्या एवढंच. ऑरिन कुंपणाशी उभा राहून त्यांना डोंगराकडे जाताना बघत होता. म्हणजे त्यांच्या जरा बाजूला बघत होता, कारण आता त्याला तसंच बघावं लागे.

"त्या कोटात कोण आहे?" त्याने विचारलं.

"रेन."

त्याने मान हलवली आणि कितीतरी वेळ ती हलवतच राहिला.

सप्टेंबर सरला. सुयांसारख्या पानांची लार्चची झाडं पिवळी पडली. हे झाड पानगळीत सोनं होतं आणि मग सगळं सोनं एकदम टाकून देतं. सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा यायला लागला. मी फेरीला जायचे तेव्हा तिघांच्या तोंडांतून वाफ निघत असायची, आणि तरी प्रत्येक ओंडक्यापाशी तीच मर्सी, तेच "आधी वाचा". ग्रेटाच्या दोन मुठींना आळीपाळीने दोघं, तिसरं पाचरीपाशी. खालच्या रानातून ऐकलं तर वाटावं, कोणीतरी डोंगराला झोपवतंय.

ऑरिन मला काही विचारायचा नाही. फक्त रोज सकाळी कॉफी प्यायला माझ्याकडे यायचा आणि आकाशाकडे नाक करून वास घ्यायचा. बर्फ यायच्या आधी हवेला एक वास येतो. त्या दिवशी तो वास आला होता.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. रेडिओ अजून त्याच फळीवर असतो. आता नवा, लहान. पोरांना मी दुसरा दिलेला होता. तो खरखरला.

"आर्डिथ?" मर्सीचा आवाज होता, धापा टाकत. मागे अन्सेल्मो काहीतरी ओरडत होता. मग रेनने रेडिओ तिच्या हातून घेतला असावा, कारण पुढचा आवाज बारीक होता. "कॅसिडीवरून बोलतेय. आम्ही वर आहोत. आर्डिथ, इथून सगळं दिसतंय!"

माझ्या हातातलं भांडी पुसायचं फडकं खाली पडलं. त्या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं. तिथे उभं राहिल्यावर दुसरं बोलणार तरी काय?

ऑरिन कप बशीत ठेवायला गेला, पण तो बशीबाहेर टेबलावर टेकला. कॉफी सांडली. ती तशीच राहू देऊन तो उठला आणि दाराशी जाऊन बूट शोधायला लागला.

*

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. बिस्किट पुढे, मी पर्लवर मागे. ऑरिन त्या खोगिरावर ताठ बसला होता. पहिल्या मोठ्या ओंडक्यापाशी त्याने बिस्किटला थांबवलं, वाकला आणि कापलेल्या तोंडावर तळवा ठेवला. सपाट. एकही पायरी नाही, एकही ओरखडा नाही. दोघांनी सारखं ओढलं की लाकूड असं निघतं. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर प्रत्येक ओंडक्यापाशी थांबायचा आणि हात लावायचा, रांगेतल्या माणसांशी हस्तांदोलन करत जावं तसा. मी त्याला चल म्हटलं नाही.

त्या लार्चपाशी, जिथे खिंडार होतं, तिथे त्याचा हात अडला.

"इथे."

"हो," मी म्हटलं. "इथेच."

"आणि पुढे?"

"पुढे बघ की तू."

पुढचे सगळे सपाट होते.

माथ्यावर पोहोचेपर्यंत ढग खाली उतरायला लागले होते, पण अजून दूर होते. पोरांनी खोलीच्या खिडक्यांवरच्या फळ्या काढल्या होत्या. आत झाडलं होतं, उंदरांची घरटी बाहेर फेकली होती, काचा पुसल्या होत्या. कशाने पुसल्या ते अन्सेल्मोच्या शर्टाकडे बघून कळत होतं. चुलीवर कॉफी उकळत होती. मर्सीने खेचराचा लगाम धरला, अन्सेल्मोने खांदा पुढे केला. "या, बटाट्यांचं पोतं आलं," तो म्हणाला. ऑरिन त्याच्या खांद्यावर हात टेकून खाली उतरला.

तो आत गेला आणि मधोमध उभा राहिला. मग सावकाश फिरायला लागला. उत्तरेचा कडा बघायला तो शेजारच्या दरीकडे बघत होता, नदी बघायला नदीपलीकडच्या टेकडीकडे. नजरेच्या काठाने एकेक डोंगर उचलून घेत होता. नावं घेत होता, नकाशातली नव्हे, लेनोराने ठेवलेली. म्हातारीचं नाक. दोन भांडखोर भाऊ. आईचा पोळपाट. रेन त्याच्या शेजारी उभी राहून प्रत्येक नावाला मान हलवत होती. लेनोराच्या कोटाच्या बाह्या तिच्या बोटांवर आल्या होत्या. तो तिच्याकडे थेट बघत नव्हता, आणि म्हणूनच बहुधा ती त्याला दिसत होती.

पहिले बर्फाचे कण काचेवर येऊन विरघळले.

"बरं झालं," अन्सेल्मो म्हणाला. त्याने सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली. "तसं तुम्हाला काही घाई नव्हतीच म्हणा."

"अन्सेल्मो," मर्सी म्हणाली.

"अगं, निरोपच तसा होता. याच शब्दांत. आर्डिथनी सांगितलं होतं."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. ऑरिनने कप दोन्ही हातांत धरला. चुलीत एक लाकूड फुटलं.

"मर्सी," तो म्हणाला. त्याने तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली असेल. "तो निरोप खोटा होता. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या उन्हाळ्यात मला यातलं काही दिसणार नाही. तुमच्यापैकी कोणाला काही झालं असतं तर मला हे बघवलं नसतं, म्हणून बोललो नाही." त्याने कपातून एक घोट घेतला, आणि तोंड काचेकडे वळवलं. "पण मला घाई होती. रोज सकाळी उठलो की होती. फार घाई होती, पोरांनो."